नऊशे पिना आणि एक हात: ‘इनफॉर्म’ या आकार बदलणाऱ्या टेबलाचा प्रकरण अभ्यास

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचा एक छोटा व्हिडिओ इंटरनेटवर वाऱ्यासारखा पसरला. पडद्यावर एक माणूस दिसतो. तो हात पुढे करतो, आणि पडद्याच्या पुढ्यात असलेल्या टेबलातून पांढऱ्या पिना वर येऊन त्याच्या हातांचा आकार धरतात. हे पिनांचे हात टेबलावरचा एक चेंडू इकडून तिकडे खेळवतात. माणूस एका जागी, त्याच्या हातांची हालचाल दुसऱ्या जागी, आणि मध्ये फक्त एक केबल.

त्या टेबलाचं नाव ‘इनफॉर्म’. हिरोशी इशिई यांच्या टँजिबल मीडिया ग्रूपमध्ये डॅनियल लाइथिंगर, शॉन फॉलमर, अॅलेक्स ऑलवाल आणि अकिमित्सु हॉगे यांनी ते घडवलं. त्यावरचा शोधनिबंध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथे, यूजर इंटरफेसच्या ‘यूआयएसटी’ परिषदेत वाचला गेला. आकार बदलणाऱ्या डिस्प्लेबद्दल शिकवताना किंवा बोलताना मी दरवेळी याच टेबलापाशी येतो. व्हिडिओतल्या हातांनी लोकांचे डोळे दिपले, पण निबंध वाचल्यावर वेगळीच गोष्ट पुढे येते. पिनांनी आकार काढून दाखवणं हा या कामाचा सोपा अर्धा भाग होता. अवघड अर्धा भाग होता तो समोरच्या माणसाच्या हाताला, न बोलता, ‘इथे दाब’, ‘इथे सरकव’, ‘इथे नको’ हे कळवण्याचा. टेबल घडवणाऱ्यांनी आपली बुद्धी तिथे खर्च केली, आणि माझ्या मते हे काम टिकलं ते त्यामुळेच.

आधी काय होतं

पिना वरखाली करून पृष्ठभाग घडवायची कल्पना २०१३ मध्ये नवी नव्हती. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात हिरू इवाता यांच्या गटाने २००१ मध्ये ‘फीलेक्स’ मांडलं. रबराच्या पातळ चादरीखाली ६ बाय ६, म्हणजे ३६ दांडे, आणि वरून प्रोजेक्टरने टाकलेलं चित्र. हात ठेवला की चित्रातला उंचवटा हाताला जाणवायचा. २००४ मध्ये सोनीच्या प्रयोगशाळेत इव्हान पुपिरेव्ह यांच्या गटाने ‘लुमेन’ दाखवलं. १३ बाय १३ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका तापल्यावर आकुंचन पावणाऱ्या धातूच्या तारेने हलणारा. अशी तार मोटरच्या मानाने नाजूक आणि जागा वाचवणारी असते, पण ती थंड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे हालचाल सावकाश होते.

लाइथिंगर आणि इशिई यांनी स्वतः २०१० मध्ये ‘रिलीफ’ बनवलं होतं: १२० पिना, वर ताणलेलं पांढरं लायक्रा कापड, आणि त्यावर डोंगरदऱ्यांचा नकाशा. कापडाने पृष्ठभाग गुळगुळीत दिसायचा, डोंगर डोंगरासारखा वाटायचा. पण कापडामुळे एक गोष्ट कायमची बंद झाली होती. शेजारच्या दोन पिनांमध्ये सरळ कडा उभी राहू शकत नव्हती, सगळं ताणून उतार होऊन जायचं. बटणाला कडा लागते, खाचेला कडा लागते. इनफॉर्ममध्ये कापड गेलं आणि पिना उघड्या राहिल्या. देखणेपणा कमी झाला, पण हाताला धरण्याजोगं काहीतरी मिळालं. पुढचे बहुतेक निर्णय या एका निर्णयातून निघतात असं मला वाटतं.

टेबलाच्या पोटात

वरून दिसतो तो ३८१ मिलिमीटर बाजूचा चौरस. त्यात ३० बाय ३०, म्हणजे ९०० पांढऱ्या प्लास्टिकच्या पिना. प्रत्येक पिनेचं डोकं ९.५२५ मिलिमीटरचं आणि दोन पिनांमध्ये ३.१७५ मिलिमीटरची फट. दोन्ही मिळून बरोबर अर्धा इंच होतो, म्हणजे अंतर इंचाच्या मापात आखलेलं होतं. पिन पृष्ठभागापासून १०० मिलिमीटर वर येते. हा आकडा आला तो मोटरमधून.

रेकॉर्डिंग स्टुडिओत आवाज मिसळायच्या मोठ्या कन्सोलवर सरकपट्ट्या असतात, ज्यांना तिथले लोक फेडर म्हणतात. महागड्या कन्सोलमध्ये या फेडरला मोटर असते. जुनं मिक्सिंग परत लावलं की सगळे फेडर आपोआप आपापल्या जागी सरकतात, आणि इंजिनियरने बोट लावलं की बोटाचं ऐकतात. इनफॉर्मच्या गटाने हेच मोटरवाले फेडर घेतले, आणि फेडर जेवढा सरकतो तेवढीच पिन वर येते. एकाच सुट्या भागात दोन गोष्टी मिळाल्या: पिन हलवणारी मोटर, आणि ती आत्ता नेमकी कुठे आहे हे सांगणारा सेन्सर. तेव्हा बाजारात तयार मिळणाऱ्या वस्तूंमध्ये याहून चपखल काही मिळालं असतं असं वाटत नाही.

अडचण आकाराची होती. फेडर अर्ध्या इंचाहून कितीतरी मोठा. ९०० फेडर अर्ध्या इंचावर एकमेकांशेजारी बसूच शकत नाहीत. त्यावरचा उपाय आला छंदी लोकांच्या विमानांच्या मॉडेलमधून. त्या मॉडेलमध्ये शेपटीचे आणि पंखांचे झडपे हलवायला प्लास्टिकच्या नळीतून सरकणारी नायलॉनची दांडी वापरतात. ती वळणावरूनही ढकलते आणि ओढतेही. इनफॉर्ममध्ये प्रत्येक पिनेपासून अशी एक दांडी निघते, खाली जाताना बाहेर पसरते आणि ऐसपैस मांडलेल्या आपल्या मोटरपाशी पोचते. एका सर्किट बोर्डवर ६ मोटर, असे १५० बोर्ड, उभ्या पट्ट्यांवर १५ ओळींत. सगळे बोर्ड संगणकाशी बोलतात आणि पूर्ण पृष्ठभाग सेकंदाला ६० वेळा ताजा होतो.

या पसाऱ्याची किंमत जागेत मोजावी लागली. वर हाताएवढी जागा, पण यंत्राची उंची १,१०० मिलिमीटर. सगळ्या मोटर एकदम जोर लावायला लागल्या तर वीज २,७०० वॉटपर्यंत जाते, म्हणजे घरच्या बऱ्याच गीझरहून जास्त. दांड्यांमधल्या घर्षणाने मात्र एक उपकार केला. मोटर बंद केली तरी पिन असेल तिथेच थांबते, त्यामुळे स्थिर आकार नुसता धरून ठेवायला ३०० वॉटहून कमी पुरतात. उष्णता बाहेर टाकायला तरीही पंख्यांच्या दोन रांगा बसवाव्या लागल्या.

टेबलाच्या वर एक प्रोजेक्टर आहे, जो पांढऱ्या पिनांवर रंग टाकतो. आणि एक किनेक्ट कॅमेरा आहे, जो हात आणि वस्तू किती उंचीवर आहेत ते मोजतो. संगणकाच्या दृष्टीने हे टेबल म्हणजे ९०० ठिपक्यांचं करडं चित्र: जितका ठिपका उजळ तितकी पिन उंच. कोणी प्रोग्रॅमर पहिल्यांदा हे ऐकतो तेव्हा त्याचा चेहरा खुलतो, कारण चित्र काढायची सगळी ओळखीची साधनं इथे जशीच्या तशी चालतात. टेबलाची मर्यादाही त्याच वाक्यात आहे. एका जागी एकच उंची. मंडपाचं छत काढता येतं, पण त्याखालची मोकळी जागा काढता येत नाही. कपाचा कान, पुलाची कमान, वाकवलेलं बोट, सगळं खालपर्यंत भरीव होतं.

प्रश्न कुठे बदलला

९०० पिना म्हणजे ९०० ठिपके. साध्या फोनच्या पडद्यावर वीस-वीस लाख ठिपके असतात. चित्र दाखवायच्या शर्यतीत हे टेबल सुरुवातीलाच हरलेलं आहे. तेवढ्याच चौरसात मिलिमीटरला एक पिन बसवायची म्हटलं तर १,४५,१६१ पिना लागतील, तितक्याच मोटर आणि तितक्याच दांड्या. फेडर आणि नायलॉनच्या दांड्या वापरून ते होणारं काम नाही.

म्हणून गटाने प्रश्नच बदलला. हुबेहूब डोंगर किंवा हुबेहूब चेहरा काढण्यामागे ते लागले नाहीत. त्यांनी विचारलं: माणसाच्या हाताला वागायला लावण्यासाठी आकाराला नेमकं काय काय जमायला हवं? मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९७० च्या दशकात मांडलेला आणि डोनाल्ड नॉर्मन यांनी पुढच्या दशकात डिझाइनच्या वर्गांपर्यंत आणलेला एक विचार इथे कामाला आला. डिझाइनचे विद्यार्थी त्याला अफॉर्डन्स म्हणतात: दाराची सपाट पट्टी दिसली की माणूस ढकलतो, उभी मूठ दिसली की ओढतो, कोणी सांगावं लागत नाही. दाराची पट्टी मात्र जन्मभर पट्टीच राहते. हे टेबल एका क्षणी पट्टी आणि पुढच्या क्षणी मूठ होऊ शकतं. निबंधाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. आकाराने तीन कामं करायची: काय करता येईल ते दाखवायचं, काय करता येणार नाही ते अडवून सांगायचं, आणि टेबलावर ठेवलेल्या वस्तूंना स्वतः हलवायचं.

एक बटण, जवळून

सगळ्यात साधं उदाहरण बटणाचं. काही पिना शेजाऱ्यांपेक्षा वर येतात, प्रोजेक्टर त्यांच्यावर रंग टाकतो. माणूस बोट ठेवतो आणि दाबतो.

इथे पहिला प्रश्न बोटाच्या मापाचा. पिनेचं डोकं साडेनऊ मिलिमीटरचं, आणि मोठ्या माणसाच्या बोटाचं टोक साधारण त्याहून रुंद. एकाच पिनेचं बटण केलं तर बोट शेजारच्या पिनांवर घसरतं आणि कडा टोचते. दोन-तीन पिना एकत्र वर आल्या की बोटाला गादी मिळते. म्हणजे या टेबलाचं खरं एकक एक पिन नसून पिनांचा छोटा गठ्ठा आहे, आणि बटणांच्या हिशेबाने मोजलं तर ३० बाय ३० चं टेबल प्रत्यक्षात बरंच लहान निघतं.

दुसरा प्रश्न दाब ओळखायचा. पिनेला जोर मोजणारा सेन्सर नाही. तिला फक्त दोन गोष्टी ठाऊक असतात: आपण कुठे असायला हवं आणि आपण कुठे आहोत. बोटाने दाबलं की या दोन्हींमध्ये फरक पडतो. मोटर तो फरक मिटवायला परत वर ढकलते, आणि माणसाच्या बोटाला ते स्प्रिंगसारखं जाणवतं. फरकाला किती जोराने उत्तर द्यायचं हे प्रोग्रॅममध्ये ठरवता येतं, म्हणून तेच बटण कडक किंवा मऊ करता येतं. मला या यंत्रातलं सगळ्यात सुंदर तेच वाटतं. जागा धरून ठेवायला लिहिलेल्या गणितातून स्पर्शाचा पोत जन्माला येतो. याच धाग्याला धरून टँजिबल मीडिया ग्रूपमध्ये केन नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘मटेरिएबल’ केलं, ज्यात पिनांना लवचीक किंवा पाण्यासारख्या पदार्थासारखं वागायला लावलं.

तिसरा प्रश्न माणूस नुसता बोट टेकवतो की खरंच दाबतो, हा. टेकवणं कॅमेरा वरून पाहतो, दाबणं पिन खालून ओळखते. दोन्ही वाटा असल्या की एकाच उंचवट्याला दोन अर्थ देता येतात. अडचण ही की हात कॅमेऱ्याच्या आड येतो. तळवा टेबलावर झुकला की बोटांखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही. माणूस कामात बुडतो तेव्हा नेमका असाच झुकतो.

वस्तू, खाचा आणि गोट्या

बटणं, पट्ट्या, मुठी एवढ्यावर थांबले असते तर हे टेबल वर आलेला टचस्क्रीन ठरलं असतं. खरी भर आहे ती खाचांची. टेबलात गोल खळगा पडला की त्यात चेंडू बसतो आणि तिथेच राहतो. खळगा लांब केला की चेंडू त्याच रेषेत सरकतो, झाली सरकपट्टी. खाचेला एका बाजूला उतार दिला की सोडलेला चेंडू आपोआप सुरुवातीच्या जागी परत येतो. खळगा लहान केला की मोठी वस्तू आत बसतच नाही, ‘चुकीचं’ असं सांगणारा लाल संदेश लागत नाही. पडद्यावर आपण चूक झाल्यावर माणसाला सांगतो. इथे ती चूक करायला हातालाच जागा नाही.

गटाने यासाठी एक जुनी आठवण जागवली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये डरेल बिशप यांनी १९९२ मध्ये गोट्यांचं आन्सरिंग मशीन कल्पिलं होतं. निरोप आला की एक गोटी बाहेर पडते. गोटी मशीनच्या खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो, टेलिफोनवर ठेवली की निरोप ठेवणाऱ्याचा नंबर लागतो. निरोप हातात धरता येतो, खिशात टाकता येतो, दुसऱ्याला देता येतो. बिशप यांची कल्पना एका कामापुरती घडवलेल्या यंत्राची होती. इनफॉर्मवर तीच कल्पना पिनांच्या खळग्यांनी आणि उतारांनी उभी राहिली, आणि काम संपल्यावर टेबल पुन्हा सपाट होऊन दुसऱ्या कशासाठी मोकळं झालं. आकार बदलणाऱ्या डिस्प्लेची बाजू मांडायला मला याहून नेमकं उदाहरण सापडत नाही.

चेंडू हलवण्याचं तंत्र थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. पिनेला चेंडू पकडता येत नाही, ओढता येत नाही. तिला फक्त वर आणि खाली जाता येतं. चेंडू उजवीकडे न्यायचा तर डावीकडच्या पिना वर, उजवीकडच्या खाली, चेंडू उतारावरून घरंगळतो. घरंगळणारा चेंडू थांबायचं नाव घेत नाही, म्हणून पुढे भिंत किंवा खळगा तयार हवा. कॅमेरा सेकंदाला ३० वेळा पाहतो आणि रंगावरून चेंडू ओळखतो, तर टेबल ६० वेळा हलतं. म्हणजे टेबलाला चेंडूची कळलेली जागा नेहमी थोडी शिळी असते. वेगात सुटलेल्या चेंडूचा पाठलाग करण्यापेक्षा त्याला सतत एखाद्या वाटीत ठेवून वाटीच सरकवणं शहाणपणाचं ठरतं.

वजनाचीही गोष्ट आहे. एक पिन सुमारे १ न्यूटन जोर लावते, म्हणजे साधारण १०० ग्रॅम उचलते. पुस्तक किंवा टॅबलेट उचलायला अनेक पिना एकत्र लागतात. या कमजोरीचा दुसरा फायदा असा की एका बोटाने एक पिन सहज अडवता येते आणि बोटाला इजा होत नाही. तळव्याखाली मात्र वीस पिना एकदम वर आल्या तर जोर दोन किलोच्या आसपास जातो, आणि पिनांमधली तीन मिलिमीटरची फट लहान मुलाच्या बोटाचा विचार करता मला खटकते. प्रयोगशाळेत हे चालून जातं. शाळेत किंवा संग्रहालयात ठेवायचं तर डिझाइन करणाऱ्याने पहिला दिवस याच प्रश्नावर घालवायला हवा.

पाळी कोणाची

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. साध्या पडद्यावर चित्र बदलतं तेव्हा माझ्या हाताला काही होत नाही. इथे पृष्ठभाग बदलतो तेव्हा माझा हात त्यावर टेकलेला असू शकतो. मी दाबतोय आणि त्याच क्षणी टेबलालाही ती पिन हलवायची आहे, तर कोणाचं ऐकायचं?

इनफॉर्ममध्ये निवडीनुसार साधनं उगवतात. एखादं त्रिमितीय मॉडेल निवडलं की ते हलवायची-फिरवायची साधनं शेजारी वर येतात, काम झालं की जमिनीत जातात. कागदावर हे फार छान वाटतं, आणि व्हिडिओतही. पण रोज वापरायच्या वस्तूचा विचार केला तर हात सवयीने शिकतो. कुकरची शिट्टी, गाडीचा गिअर, पेटीच्या पट्ट्या, हे सगळं आपण न पाहता वापरतो, कारण ते कालच्याच जागी असतं. जागा बदलणाऱ्या बटणाला हात पाठ करू शकत नाही, प्रत्येक वेळी डोळ्यांनी शोधावं लागतं. म्हणजे स्पर्शासाठी बनवलेल्या यंत्रात डोळ्यांवरचा भार उलट वाढू शकतो. यावर उपाय आहे, पण तो संयमाचा आहे: काही साधनं कायम एकाच कोपऱ्यात उगवावीत, हात टेकलेला भाग हात उठेपर्यंत हलू नये, आणि मोठा बदल करण्यापूर्वी पिनांनी हलकीशी थरथर करून सूचना द्यावी. थरथर इनफॉर्मला जमते. ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे प्रत्येक नव्या वापरासाठी नव्याने ठरवावं लागेल.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात २०१५ मध्ये ‘इमर्ज’ नावाचा स्तंभालेख बनवला गेला. १० बाय १० दांडे, प्रत्येक दांड्याच्या आत स्वतःचा रंगीत दिवा, बाजूंना टचस्क्रीन. आकडेवारी म्हणजे दांड्यांची उंची. माणूस दांडा ओढून किंवा दाबून ती निवडतो, गाळतो, तुलना करतो. दिवा दांड्याच्या आत असल्याने इनफॉर्मची एक अडचण सुटली: वरून टाकलेला प्रकाश पिनेच्या उभ्या बाजूंवर नीट पडत नाही आणि माणसाच्या हाताची सावली पडते. पण दुसरी अडचण कोणत्याही पिनांच्या डिस्प्लेला चुकत नाही. उंच दांड्यामागे लहान दांडा लपतो. माणूस मान वाकडी करतो, टेबलाभोवती फिरतो, उठून उभा राहतो. मला ही अडचण संपूर्ण वाईट वाटत नाही. एखाद्या आकड्याभोवती दोन-तीन माणसं चालत फिरतात, वाकून पाहतात आणि एकमेकांना दाखवतात, ही गोष्ट पडद्यावरच्या आलेखात होत नाही.

दूरचा हात

व्हिडिओमधल्या हातांवर पुढे २०१४ मध्ये वेगळा निबंध आला, ‘फिजिकल टेलिप्रेझेन्स’. कॅमेरा वरून हाताची उंची मोजतो, टेबल ती उंची काढतं. वर सांगितलेली मर्यादा इथे ठळक होते: हवेत धरलेला हात टेबलावर भरीव भिंत होऊन उभा राहतो, कारण हाताखालची पोकळी पिनांना काढता येत नाही. अशा हाताला मूठ मिटता येत नाही. दोन भिंतींमध्ये चेंडू धरून सरकवणं किंवा ओंजळ करणं, एवढंच त्याच्या आवाक्यात.

गटाने यातून जो मार्ग काढला तो मला हातांपेक्षाही जास्त आवडतो. हाताची हुबेहूब नक्कलच का करायची? माणूस हात हलवतो, पण टेबलावर हाताऐवजी चेंडूला सोयीची वाटी किंवा उतार उगवतो आणि तो हाताबरोबर फिरतो. दूरच्या माणसाचा हेतू पोचतो, त्याच्या बोटांचं चित्र पोचलं नाही तरी चालतं. पण ज्या माणसाच्या समोर वाटी उगवते त्याला ती वाटी कोणाची हे कळायला हवं, म्हणून प्रोजेक्टरने हाताचं चित्रही टाकता येतं. चेहरा पडद्यावर, हात टेबलावर, आणि दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे बघणाऱ्याला पटेल अशी त्यांची मांडणी. हे जुळवणं तांत्रिक वाटतं, पण ते खरं मांडणीचं काम आहे.

त्यानंतर

२०१४ मध्ये मिलानच्या डिझाइन वीकमध्ये याच गटाचं ‘ट्रान्सफॉर्म’ मांडलं गेलं. हजाराहून जास्त पिनांचं ते फर्निचर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हालचालींना उत्तर द्यायचं. प्रेक्षणीय होतं, पण हाताला वाट देण्याचा प्रश्न तिथे थोडा मागे पडला असं मला वाटतं. दूरून बघायची वस्तू आणि हात टेकवून वापरायची वस्तू यांची डिझाइनं वेगळी असतात.

फॉलमर पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. त्यांच्या गटाचं २०१८ चं ‘शेपशिफ्ट’ लहान आहे: १२ बाय २४, म्हणजे २८८ पिना, टेबलावर सरकवता येईल असं. एक मोठा स्थिर पृष्ठभाग घडवण्याऐवजी लहान खिडकी हलवत न्यायची. १,१०० मिलिमीटर उंचीच्या पसाऱ्याला हे शहाणं उत्तर होतं.

आणि त्याच खिडकीवर जे काम उभं राहिलं ते मला या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पिनांची यंत्रं जगात रोज कोणी वापरत असेल तर ते दृष्टिहीन लोक. ब्रेल डिस्प्लेमध्ये साधारण अडीच मिलिमीटरवर ठिपके वरखाली होतात, उठाव अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे आयआयटी दिल्लीच्या गटाने २०१९ मध्ये ‘डॉटबुक’ हा ब्रेल लॅपटॉप पुढे आणला, कारण परदेशी ब्रेल डिस्प्लेची किंमत भारतातल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर होती. परदेशात ‘ग्रॅफिटी’ नावाचं ६० बाय ४० ठिपक्यांचं यंत्र आलं, ज्यात प्रत्येक ठिपक्याची उंची कमीजास्त करता येते, म्हणजे अक्षरांबरोबर आकृत्या आणि नकाशेही बोटांना वाचता येतात. इनफॉर्म पाहून टाळ्या वाजवणाऱ्या डोळस लोकांना पिना हव्याशा वाटतात. दृष्टिहीन वाचकांना त्या लागतात.

स्टॅनफर्डच्या अॅलेक्सा सिऊ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘शेपकॅड’ केलं. दृष्टिहीन माणूस कोड लिहून त्रिमितीय मॉडेल घडवतो आणि पिनांवर ते हाताने तपासतो. थ्रीडी प्रिंटरवर छापून पाहायला तास-दोन तास लागतात, इथे मॉडेल लगेच हाताखाली येतं. भोक चुकीच्या जागी पडलंय का, भिंत पातळ झालीय का, हे बोटांनी कळतं आणि लगेच कोडमध्ये दुरुस्त करता येतं. पाळी कोणाची हा प्रश्नही इथे पुष्कळसा सुटतो. मॉडेल बदलायचं तर कोड बदलून ते पुन्हा मागवायचं, आणि मधल्या वेळात पिना जागच्या जागी उभ्या राहतात.